एकच सबस्क्रिप्शन कॉम्प्युटर-फोन-टॅब तिन्हीकडे : फायदा आहे की अडकवणं?

तिसरा_डोळा (धागाकर्ता)

हल्ली कुणीही विचारलं की फोटो एडिटिंगला काय घेऊ, की उत्तर ठरलेलं असतं, ॲडोबीच्या लाइटरूमचं सबस्क्रिप्शन घेऊन टाक, एकदा पैसे भरले की लॅपटॉप, फोन, टॅब सगळीकडे चालतं. माझं म्हणणं असं की हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही.

नाव एक आहे, प्रोग्रॅम एक नाहीये. २०१७ मधे ॲडोबीने लाइटरूमचे दोन तुकडे केले. जुनं ते क्लासिक झालं, ते फक्त कॉम्प्युटरवर चालतं, फोटो तुमच्या डिस्कवर राहतात. नवं जे आलं ते क्लाउडवालं, फोन आणि टॅबवर तेच असतं. आता तुम्ही क्लासिकमधून एखादं कलेक्शन (फोटोंचा गट) सिंक केलं की टॅबवर मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, पूर्ण डेटा) जातच नाही, स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणजे तिची छोटी आवृत्ती जाते, लांब बाजूला २५६० पिक्सेल. म्हणजे तुम्ही टॅबवर १०० टक्के झूम करून शार्पनिंग आणि नॉइज बघताय असं तुम्हाला वाटतं पण बघताय भलतंच. फोटोला लावलेले कीवर्ड क्लाउडवर जात नाहीत. स्मार्ट कलेक्शन (नियम लावला की आपोआप भरणारा गट) सिंक होत नाही. सिंकला कॅटलॉग (क्लासिकची फोटो आणि एडिटची नोंदवही) एकच लावता येतो, ज्यांनी दर वर्षाचा वेगळा कॅटलॉग केलाय त्यांनी काय करायचं? आयपॅडवरचा फोटोशॉप २०१९ ला आला, अजूनही कॉम्प्युटरवरच्या फोटोशॉपची बरोबरी करत नाही.

आणि सगळीकडे चालतं म्हणजे सगळीकडे नाहीच. साइन इन दोन कॉम्प्युटरवर राहतं, वापरायचं एका वेळी एकावर, तिसऱ्यावर गेलात की आधीच्या एकावरून बाहेर पडा म्हणून सांगतं. फोन-टॅब त्या दोनात मोजत नाहीत एवढंच.

तर मुद्दा असा की आपण पैसे भरतो ते एडिटिंगचे नाही, सिंकचे. आणि ते सिंक बहुतेकांना लागतच नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी हाणा.

निळीशाई

हाणतेच.

सिंक लागत नाही हे कुणाला? घरी एका खुर्चीत बसून एडिट करणाऱ्याला. मी कार्यक्रमांचे फोटो काढते. एका कार्यक्रमाचे फोटो घरी आणले की त्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम स्लायडर हलवणं नसतंच, निवडणं असतं. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे बारा शॉट, त्यातला कुठला ठेवायचा. ते काम मी टॅबवर प्रवासात करते, बोटाने पिक आणि रिजेक्ट मारत जायचं, घरी येऊन क्लासिक उघडलं की फ्लॅग आणि स्टार जसेच्या तसे आलेले असतात. त्याला २५६० पिक्सेल चिकार होतात हो. प्रिंटचं म्हणाल तर ३०० डीपीआयला साडेआठ इंच निघतात त्यातून. आणि टॅबवर केलेलं एडिट हे फोटोत भाजलेलं नसतं, ते नुसत्या सूचना असतात, क्लासिकमधे आल्यावर त्या मूळ रॉवरच लागतात. हा भाग तुम्ही सोयीस्कर गाळलात.

दुसरं, मास्किंग, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून एडिट करणं. सिलेक्ट सब्जेक्ट मारलं की मोकळ्या केसांच्या कडेला बॅकग्राउंडचा थोडा भाग आत येतो आणि उजेड वाढवला की डोक्याभोवती पांढरट किनार दिसायला लागते. ती माउसने काढून बघा एकदा. मी टॅबवर झूम करते, सबट्रॅक्ट ब्रश (निवडीतून भाग वगळणारा), फेदर (कडेचा मऊपणा) थोडा वाढवून पेन्सिलने केसांच्या दिशेनेच ओढत जाते, किनार जाते आणि केस राहतात. माउसने तेच करायला गेलं की हात अवघडतो आणि शेवटी आपण ‘चालतंय’ म्हणून सोडून देतो.

पिक्सेलपंत

धागाकर्त्याशी सहमत पण कारण वेगळं. रंग!! कुणी बोलतच नाही रंगाबद्दल. फोन ओएलईडी, टॅबचा पॅनल वेगळा, लॅपटॉपचा त्याहून वेगळा, त्यात फोनवर ट्रू टोन (भोवतालच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणारं) चालू, संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळट करणारं नाइट शिफ्ट आपोआप चालू, आणि अशा पिवळट स्क्रीनवर माणूस व्हाइट बॅलन्स ठरवतो, पिवळं दिसतंय म्हणून टेंपरेचर निळ्याकडे सरकवतो, आणि सिंक इतकं तत्पर की पाचव्या सेकंदाला तो निळा चेहरा तुमच्या कॅलिब्रेट केलेल्या (रंग अचूक लावलेल्या) मॉनिटरवर हजर. आधी निदान एका मशीनवर चुका व्हायच्या, आता तिन्हीकडून होतात आणि एकमेकांवर चढतात. निवड करा टॅबवर, क्रॉप करा, रंगाला हात लावू नका.

ब्राइटनेसचं पण तेच. उन्हात उभं राहून फोनवर एडिट केलेला फोटो घरी उघडा, सावल्या उचलून उचलून फोटो धुतल्यासारखा करून ठेवलेला असतो.

निळीशाई

पंत, ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करायला दोन टॅप लागतात. हा सबस्क्रिप्शनचा दोष कसा झाला?

पिक्सेलपंत

बंद करता येतं हो, करतं कोण ते सांगा.

फुकटात_पौष्टिक

मी नेहमीप्रमाणे डार्कटेबल या फुकट एडिटिंग प्रोग्रॅमचा झेंडा घेऊन आलोय. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, कितीही कॉम्प्युटरवर टाका, कुणी मोजत नाही. प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल बसते, एडिट त्यात. फोल्डर एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवा, या मशीनचं त्या मशीनला लावा, काम पुढे चालू. याला कुठला क्लाउड लागतो आणि कुठलं लॉगिन? फोनवर किरकोळ काही करायचं तर स्नॅपसीड आहे, गूगलचं, फुकट.

निळीशाई

म्हणजे फोनवर डार्कटेबल नाही. टॅबवर नाही. धाग्याचा विषय काय आहे वाचलात का? आणि स्नॅपसीडमधे केलेलं तुमच्या एक्सएमपीत येतं का? नाही ना. मग ते दोन वेगळे फोटो झाले, एक फोनवर एक कॉम्प्युटरवर, आणि सहा महिन्यांनी कुठला फायनल होता ते तुम्हालाच आठवणार नाही.

फुकटात_पौष्टिक

विषय वाचला म्हणूनच लिहिलं. तिन्हीकडे एडिट केलंच पाहिजे ही गरज आधी होती का तुम्हाला, की सबस्क्रिप्शन आल्यावर लागली?

घरचा_आहेर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे. आमच्याकडे मी आणि धाकटा भाऊ एकाच लॉगिनवर दोघं आहोत, दोन कॉम्प्युटर चालतात ना मग एक त्याचा एक माझा. पैसे निम्मे निम्मे. यात काही अडचण?

तिसरा_डोळा

अडचण अशी की ते लायसन एका माणसाचं असतं. दोन कॉम्प्युटर म्हणजे तुमचा घरचा आणि तुमचा प्रवासातला. भावाचं त्यात बसत नाही, आणि एका वेळी दोघांनी वापरायचं नाही असंही आहे.

सावलीवेडी

@घरचा_आहेर, नियम बाजूला ठेवा, व्यवहाराचंच सांगते. आमच्याकडे हाच प्रयोग बहिणीबरोबर झाला. तिने तिच्या फोनवर ॲप टाकलं, साइन इन केलं आणि ॲपने विचारलं कॅमेरा रोलमधले फोटो आपोआप घेऊ का, तिने हो म्हटलं कारण आपण सगळ्यालाच हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी माझ्या क्लासिकमधे तिचे स्क्रीनशॉट, पावत्यांचे फोटो, कुणाकुणाच्या वाढदिवसाची पोस्टरं सगळं उतरलेलं, तेही फुल रिझोल्यूशन, माझ्या डिस्कवर. बरं मी ते माझ्याकडून डिलीट केलं तर तिच्या ॲपमधून पण जाणार. मग बसा निवडत कुणाचं काय. क्लाउडची जागा खाल्ली ती वेगळीच, कारण क्लासिकमधून वर जाणारे स्मार्ट प्रिव्ह्यू जागेत मोजत नाहीत पण फोनवरून वर चढलेले ओरिजिनल मोजतात.

जागेवरून आठवलं, २० जीबीवाला फोटोग्राफी प्लॅन नव्या लोकांना जानेवारी २०२५ पासून मिळत नाही, जुने आहेत त्यांचा चालू आहे. तसंही २० जीबीत काय होतंय, २४ मेगापिक्सेलची रॉ २५-३० एमबी धरली तर सातआठशे फोटो. भावाने एका सहलीत संपवलं असतं.

घरचा_आहेर

पावत्यांचे फोटो 😅 आमचा भाऊ मीम साठवतो. विचार करतो.

उंबरठा

सबस्क्रिप्शन या प्रकारालाच माझा विरोध आहे. एकदा पैसे, कायमचं सॉफ्टवेअर. ॲफिनिटी या एडिटिंग ॲपवाल्यांनी २०२२ मधे व्हर्जन २ काढलं तेव्हा एकाच खरेदीत विंडोज, मॅक आणि आयपॅड तिन्ही दिलं होतं. म्हणजे सबस्क्रिप्शनशिवाय सगळीकडे देता येतं, इच्छा हवी.

निळीशाई

आणि मग २०२४ मधे कॅन्व्हा या डिझाइन कंपनीने ती कंपनीच घेतली, ऑक्टोबर २०२५ ला नवं ॲप फुकट केलं ते मॅक आणि विंडोजसाठी, आयपॅडचं नंतर म्हणून सांगितलं, आणि त्यालाही कॅन्व्हाचं अकाउंट लागतंच. फुकट आहे म्हणून मी नावं ठेवत नाही, चांगलं ॲप आहे. पण ‘कायमचं’ म्हणजे मालक बदलेपर्यंत एवढाच अर्थ आहे. शिवाय त्यात फोटोंची लायब्ररी सांभाळायची सोय नाही, एकेक फोटो उघडा आणि बसा. हजार फोटोंचं काम त्यात करून दाखवा मग बोलू.

उंबरठा

विकत घेतलेलं व्हर्जन २ ज्याच्याकडे आहे त्याचं चालू आहे ना पण? तुमचं एक महिना पैसे न भरता चालवून दाखवा मग आपणही बोलू.

तिसरा_डोळा

उंबरठांचा मुद्दा योग्य ठिकाणी लागलाय. बाहेर पडताना काय होतं यावर कुणीच येत नव्हतं. पैसे बंद केले की तुमचं सगळं काम त्यांच्या दारात.

निळीशाई

इतकंही काही नाही. क्लासिकचं सबस्क्रिप्शन संपलं तरी ते उघडतं, फोटो दिसतात, शोधता येतात, एक्सपोर्ट मारता येतो, आधीच्या एडिटसकट. डेव्हलप (एडिटिंगचं) आणि मॅप (नकाशाचं) हे दोन मॉड्यूल बंद होतात आणि सिंक बंद. दार उघडंच असतं, फक्त आत नवीन काही करता येत नाही.

आणि तुमच्या त्या कायमच्या लायसनची गोष्ट पण सांगते. लाइटरूम ६, २०१५, शेवटचं विकत मिळणारं. शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ त्यात उघडत नाही, आधी डीएनजी कन्व्हर्टरमधून (रॉ दुसऱ्या स्वरूपात बदलणारं ॲप) काढून मग आत घ्यायची. २०१८ च्या शेवटी त्याचा मॅप पण बंद पडला. विकत घेतलेलं होतं, बरं का.

तिसरा_डोळा

क्लासिकचं सांगितलंत, ते ठीक. पण ज्याला ‘सगळीकडे चालतं’ म्हणून घ्यायला लावलं जातं तो क्लासिक घेतच नाही, तो क्लाउडवालं वापरतो, त्याचे ओरिजिनलच वर असतात. पैसे बंद केल्यावर ते वर्षभर ठेवतात आणि तेवढ्यात उतरवून घ्यायचे. एक टीबी भरलेला असेल तर तो उतरवायला घरचं नेट आणि डिस्क दोन्ही लागतं, आणि हे काम माणूस अकराव्या महिन्यापर्यंत ढकलणार हे तुम्हालाही माहितेय.

आणि बंद करणं तरी सोपं आहे का? ‘वर्षाचा करार, पैसे दर महिन्याला’ असा जो प्लॅन असतो तो महिन्याचा समजून लोक घेतात, मधेच सोडायला गेलं की उरलेल्या महिन्यांच्या निम्मे पैसे मागतात. अमेरिकेत एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेच्या तक्रारीवरून जून २०२४ मधे ॲडोबीवर याच कारणाने दावा लागला, आरोप हाच की ही फी नीट दिसेल अशी सांगितलीच नव्हती. घेताना शेवटच्या पानावर प्लॅनचं नाव नीट वाचा एवढंच म्हणेन. आणि फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलंत तर बंदही तिथूनच करावं लागतं, वेबसाइटवर जाऊन शोधत बसाल.

पिक्सेलपंत

त्यात भर, इंटरनेटशिवाय किती दिवस चालतं ते पण बघा. मासिक असेल तर ३० दिवसांत एकदा नेट लावावं लागतं, वार्षिकला ९९ दिवस. डोंगरात राहायला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

निळीशाई

९९ दिवस नेटशिवाय राहणारा माणूस इथे प्रतिसाद द्यायला आला तर मी माझं सगळं म्हणणं मागे घेते.

फुकटात_पौष्टिक

बाहेर पडण्याचं म्हणताय तर क्लासिकमधे एक सेटिंग आहे ते आत्ताच करून ठेवा, कॅटलॉग सेटिंग्जमधे जाऊन बदल आपोआप एक्सएमपीत लिहा. मग एडिट फोटोशेजारी राहतं, नुसतं कॅटलॉगमधे अडकत नाही.

सावलीवेडी

हो पण व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी एडिट) एक्सएमपीत जात नाहीत, त्या कॅटलॉगमधेच राहतात. माझी ब्लॅक अँड व्हाइटची सगळी व्हर्जन्स व्हर्च्युअल कॉपी आहेत. कलेक्शन पण जात नाहीत. आणि डार्कटेबलने ती एक्सएमपी वाचली तरी त्यातलं थोडंच घेतं, क्रॉप, एक्सपोजर असलं काही, मास्क वगैरे विसरा.

तिसरा_डोळा

म्हणून म्हणतो, फायनल झालेल्या फोटोचा १६ बिट टिफ (दर्जा न घालवणारी फोटो फाइल) काढून बाजूला ठेवा. तो उद्या कशातही उघडेल, फोनवर, टॅबवर, कुठेही. तेच खरं सगळीकडे चालणारं.

निळीशाई

२४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ कॉम्प्रेस न करता १४४ एमबी होतो. आहे तेवढ्या सगळ्या फोटोंचा काढते, डिस्क पाठवताय ना?

तिसरा_डोळा

सगळ्यांचा कुणी सांगितलं, फायनलचा म्हटलं. टॅबवर रिजेक्ट मारता ना प्रवासात, मग अजून थोडे मारा.