गॅम्बिट : बळी, आमिष की टांग?

शब्दशोधक
बुद्धिबळाचे धडे मराठीत आणतो आहे, क्वीन्स गॅम्बिटपाशी अडलो. गॅम्बिट म्हणजे चांगली स्थिती मिळावी म्हणून सुरुवातीलाच प्यादं देऊ करणं. इथे पांढरा प्यादं डी ४ घरात, काळा डी ५, पांढरा सी ४. गॅम्बिटला 'प्याद्याचा बळी' लिहिलं, तर पुढच्याच ओळीत मूळ लेखक म्हणतो की हा खरा बळी नव्हेच. मग काय लिहावं?

अडीचघरे
लेखकाचं बरोबर आहे. सी ४ वरचं प्यादं काळ्याने मारलं आणि राखायचा हट्ट धरला तर बघा. पांढरा ई ३, काळा बी ५, पांढरा ए ४. आता काळा सी ६ खेळून जोर देतो. बी ५ वर प्याद्यांची मारामारी झाली की पांढरा वजीर एफ ३ ला येतो आणि थेट कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखतो. काळ्याचा एक मोहरा गेलाच. पांढऱ्याला हवं असतं ते पटाचं मध्य. काळ्याचं डी ५ चं प्यादं तिथून हललं की ई ४ चा रस्ता मोकळा. म्हणून 'आमिष' लिहा.

तिरकाउंट
मूळ इटालियन 'गाम्बेत्तो', गाम्बा म्हणजे पाय. कुस्तीत पाय अडकवून पाडणं. रुय लोपेझने १५६१ च्या ग्रंथात तो बुद्धिबळात आणला. आपल्याकडे नेमका तोच डाव आहे, टांग! 'डावपेच' कुस्तीतून पटावर आलाच ना? 'वजिराची टांग' म्हणा.

मायबोलीकर
'टांग देणे' म्हणजे ऐनवेळी दगा देणे, हाच अर्थ आज आधी डोक्यात येतो. वाचक भलतीकडे जाईल.

तिरकाउंट
टांग देणे वेगळं, टांग मारणे वेगळं. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, हा मराठीचा गुण आहे.

हत्तीघर
आमिषही चालणार नाही. बेन्को गॅम्बिट ही काळ्याची सुरुवात घ्या. काळा बी ५ चं प्यादं उघडपणे देतो आणि परत मिळवायची घाई करत नाही. त्याला ए आणि बी या उभ्या पट्ट्या हत्तींसाठी मोकळ्या मिळतात, जी ७ चा उंट लांबवर मारा करतो. वजीर मारले गेले तरी हा दाब टिकतो. यात फसवणूक कुठे आहे? हा रोकडा सौदा आहे. दोन्हींना पुरेल असा एक मराठी शब्द मला दिसत नाही. गॅम्बिटच ठेवा.

मायबोलीकर
प्रत्येक वेळी हेच. मग राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याला 'किल्लेकोट' हा शब्द कशाला घडवला? तोही कॅसलिंगच ठेवायचा होता.

हत्तीघर
पटावर बसलेले कॅसलिंगच म्हणतात. किल्लेकोट छापील बातम्यांत वाचला आहे, खेळताना ऐकलेला नाही. आणि शह, वजीर, प्यादं तरी कुठे घरचे? फारसी-अरबीच.

मायबोलीकर
प्याद्याला फारसी म्हणून सोडू नका. 'पियादा' आणि संस्कृत 'पदाति' एकाच कुळातले, दोन्हींत पायच आहे.

तिरकाउंट
पाय तिथेही आणि गाम्बेत्तोतही! माझी टांग आता अधिकच पटते.

शब्दशोधक
मला उद्या धडा पाठवायचा आहे. आणि बेन्को पुढच्याच प्रकरणात आहे.

अडीचघरे
बेन्कोत पांढऱ्याने ते प्यादं घेतलंच पाहिजे असंही नाही. न घेता घोडा एफ ३ ला काढतात. त्या वाटेला तरी 'सौदा' कसं म्हणणार?