टॅरिफनं माग थांबला, मग मागावरच्या माणसाला सरकारनं पैसे द्यावेत का?

अशोकचौकी (धागा काढणारा):
मंडळी, दिवाळीपासून डोक्यात घोळतंय, आज टायपूनच टाकतो. लांब झालंय, सांभाळून घ्या.

27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं. पाकिस्तानवर 19, बांगलादेशवर 20. टेरी टॉवेलमध्ये मार्जिन केवढं असतं ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. आमच्या गल्लीत एक मामा आहेत, सख्खे नव्हेत, सगळी गल्लीच मामा म्हणते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं टेरीवर, चार माग एकटे बघायचे. सप्टेंबरात दोन पाळ्यांची एक झाली, मग आठवड्याला चारच दिवस काम, आणि दिवाळीचा बोनस हातात ठेवून मालक म्हणाला, ऑर्डर आली की फोन करतो. आता डिसेंबर निम्मा संपला. माणूस फोन चार्जिंगला लावतो आणि त्याच्याच शेजारी बसून राहतो, खोटं नाही सांगत. मामी टॉवेलला शिलाई मारायच्या त्याच मालकाकडं, म्हणजे एका घरातले दोन्ही पगार एकदमच गेले.

आता मुद्दा. अमेरिकेत 1962 पासून एक योजना होती, ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. परदेशी मालामुळं कारखाना बसला तर तिथल्या तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा, सरकार चौकशी करणार, आणि खरं निघालं तर नवीन कामाचं शिक्षण फुकट, शिकेपर्यंत दर आठवड्याला पैसे, जास्तीत जास्त 130 आठवडे. पन्नाशीच्या पुढच्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकातला निम्मा पगार दोन वर्षं सरकार भरायचं, त्याला कमाल मर्यादा होती पण द्यायचं. आपल्याकडं असं का नको? भांडण दिल्ली-वॉशिंग्टनचं, आणि भुर्दंड मामांनी का भरायचा?

हिंजवडीकर_मूळसोलापूर:
दादा भावना समजल्या पण तू मेलेल्या योजनेचं उदाहरण दिलंस. जुलै 2022 पासून तिथं नवीन अर्जांना मंजुरीच बंद आहे, संसदेनं मुदतच वाढवली नाही. आणि चालू होती तेव्हा तरी काय, 1962 ला कायदा झाला आणि 1969 उजाडेपर्यंत एका कामगाराचा अर्ज मंजूर नाही, कारण अटीच तशा होत्या, नोकरी परदेशी मालामुळंच गेली हे सिद्ध करा म्हणे. 1974 ला अटी सैल केल्या तेव्हा कुठं पैसे हलले. तिथल्या युनियनवाल्यांनीच त्याला मयताचा विमा म्हणलेलं.

दुसरं, ती योजना बाहेरचा माल आत आला म्हणून काम गेलेल्यांसाठी. आपलं दुखणं उलटं, आपला माल बाहेर जाईना. हे दोन एक नाहीत.

आणि पन्नाशीच्या विणकराला काय शिकवणार, कोडिंग? मी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो त्या वर्षी आमच्या बॅचचे निम्मे गेले. कुणी योजना काढली नव्हती आमच्यासाठी.

अशोकचौकी:
हुतात्मानं जायला वय बावीस लागतं आणि डोक्यावर कर्ज नसावं लागतं भावा.

माल बाहेर जाईना त्याचं म्हणशील तर 2018 ला चीननं अमेरिकेचं सोयाबीन घ्यायचं कमी केलं तेव्हा त्यांनी त्या आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्यांना 20 अब्ज डॉलरच्या वर रोख वाटले. तिथं नाही कुणी विचारलं की आत आलं का बाहेर गेलं. ज्याचं मत पाहिजे त्याला पैसे, एवढाच नियम.

मोहोळचा_कांदेवाला:
हे सोयाबीनचं बरं काढलंत. आता माझं ऐका. 2023 च्या डिसेंबरात केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, मेपर्यंत बंदच. सोलापूर बाजार समितीत त्या आठवड्यात आम्ही गाड्या घेऊन उभे होतो, रात्रीत भाव कोसळला, भाडं आणि हमाली वजा जाता हातात काय राहिलं ते बायकोला पण खरं सांगितलं नाही मी. त्यात परदेशातल्या कुणाचा हात नव्हता, आपल्याच सरकारनं दार लावलं. कुणी निघाला का धागा काढायला?

आणि ऑगस्टात टॉवेलवाल्यांची सोय म्हणून कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली, 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ. कापूसवाल्याचा भाव पडला त्याचं काय? एकाला मदत म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात, असंच चाललंय. मामांचं वाईट वाटतं, पण रांग लावायची असेल तर मी पुढं उभा आहे.

टेरीशेठ:
मालक म्हणून बोलतो, शिव्या घालायच्या तर घाला. चोवीस माग आहेत, आज नऊ चालू आहेत. पेपरात येतं निर्यातदारांना 20,000 कोटी, वाचून पाहुणे फोन करतात, मिळाले का म्हणून. अहो ती कर्जाची हमी आहे. कर्जच. ऑर्डर नाही आणि वरून कर्ज काढू?

कामगाराला सरकारनं पैसे द्यावेत याला माझा विरोध नाही, पण घरी बसवून नका देऊ. माझ्याकडं ठेवा, निम्मा पगार सरकारनं भरावा निम्मा मी भरतो, माग चालो न चालो. कारण चांगला टेरी विणकर एकदा रिक्षा चालवायला गेला की परत येत नाही. झालर सरळ ठेवणं, पाइलची, म्हणजे टॉवेलवरच्या फासांची, उंची धरणं ही दोन महिन्यांत यायची गोष्ट नाही. लॉकडाऊनमध्ये गेलेले चार जण मला अजून भरून काढता आले नाहीत.

एक कडू पण सांगतो. सगळं अमेरिकेवर ढकलू नका. पाकिस्तानचा टॉवेल युरोपात 2014 पासून बिनड्युटीचा जातो, आपण ड्युटी भरून जातो, तेव्हा कुणी ओरडलं नाही. आपले निम्मे माग वडिलांच्या काळातले. पानिपतवाले सोलापुरी चादर म्हणून कायबी विकायलेत, जीआय, म्हणजे त्या नावावर आपला कायदेशीर हक्क, असून. टॅरिफ उद्या गेलं तरी हे आहेच.

विडीवालीची_लेक:
मला एक समजेना. परदेशामुळं गेलेली नोकरी तेवढी खरी, बाकीच्या खोट्या का?

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळायली. पाकिटावर ते धोक्याचं मोठं चित्र आलं, 28 टक्के जीएसटी आला (आता सप्टेंबरात 18 करायचं ठरवलं, उपकार), पोरं गुटख्याकडं गेली, आणि हजार विड्यांचं पान मिळायचं ते आता आठवड्यातनं तीन दिवस मिळतंय. कारखानदाराकडनं येताना पानाची पिशवी हलकी असली की आई रस्त्यातच गप्प होते, घरी आल्यावर कुणी विचारायचं नाही. हिला कुठल्या देशामुळं काम गेलं म्हणून लिहायचं अर्जात? शेजारच्या मामींना टॉवेलमुळं पैसे आणि आईला काहीच नाही, एकाच भिंतीला लागून घरं आहेत आमची. काम गेलं म्हणून द्या, कारण विचारू नका.

हिंजवडीकर_मूळसोलापूर:
ताईंशी सहमत, म्हणजे निम्मा. कारण विचारायचं नसेल तर मग सगळ्यांनाच द्या, आणि सगळ्यांना द्यायला पैसा कुठला?

गिरणीवाल्याची_पोर:
थांबा जरा. तुम्ही सगळे अमेरिका अमेरिका करायलात, आपल्याकडं ही योजना होऊन गेली हे कुणालाच माहीत नाही का? कापड गिरणी कामगारांसाठी केंद्राची पुनर्वसन निधी योजना, 1986 ची. खासगी गिरणी कायमची बंद पडली तर पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. दुसरी नोकरी लागली की बंद. 2017 ला ती गुंडाळून ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, राजीव गांधी योजनेत टाकली.

कागदावर किती छान आहे बघा, उतरत्या पायऱ्या, म्हणजे माणूस हळूहळू सावरेल. आमच्या वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा मी सातवीत. कुठली ते लिहीत नाही, सोलापूरकर ओळखतील. बंद झाली पण "कायमची बंद" असं म्हणणारा कागद निघेना, कारण केस चालू. कागद नाही तर योजना नाही. वडील रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचे, भोंगा नसायचा तरी, डबा भरायला सांगायचे आणि सगळी कागदं टॉवेलात गुंडाळून कचेरीत जायचे. पहिल्या वर्षाचे पैसे आले तोवर मी दहावी झालेली आणि ते एका मंगल कार्यालयात वॉचमन. आलेल्या पैशातनं सावकाराचं गेलं. पैसे आले नाहीत असं मी म्हणणार नाही, आले. पण भूक सातवीत लागली होती.

म्हणून माझं मत, योजना कुठली पण काढा, तीस दिवसांच्या आत पहिला हप्ता येत नसेल तर काढूच नका.

टेरीशेठ:
ताई, वाचून बरं नाही वाटलं. माझे वडील पण गिरणीतच होते, तिथनं सुटल्यावर दोन माग टाकले.

हिशेबनीस:
तीस वर्षं कारखान्यांची पुस्तकं लिहितोय, म्हणून थोडं रुक्ष बोलतो.

नवीन योजना मागण्याआधी आहे ती बघा. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून चालू आहे. काम गेलं तर सरासरी पगाराच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. कारण अमेरिका आहे का चीन, कुणी विचारत नाही, म्हणजे विडीवाल्या ताई म्हणतात तसंच. मामांना महिना चौदा हजार पडत असतील तर तीन महिन्यांचे एकवीस हजार होतात. लई नाहीत, पण जानेवारीतल्या गड्डा यात्रेपर्यंत घर चाललं असतं. 21 नोव्हेंबरपासून नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात कामावरून काढलेल्या कामगाराला नुकसानभरपाई सोडून 15 दिवसांचा पगार वेगळा, मालकानं भरायचा, नवीन काम शिकण्यासाठी.

आणि "ऑर्डर आली की फोन करतो" याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. त्याला निम्मा पगार देणं लागतं, पण पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं. ईएसआयला दहा लागतात. आता आपल्या गावात एका शेडमध्ये तीन फर्म का असतात, एक मालकाच्या, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या नावावर, ते मी सांगायला नको, त्या पाट्या मीच लिहून दिल्यात.

टेरीशेठ:
झालं? सगळं खापर आमच्यावर. पंचवीस कामगार पटावर दाखवले तर पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, आणि शेजारचा दाखवत नाही, तो दहा रुपये कमीनं टॉवेल विकणार. मी काय धर्मशाळा काढलीय? आणि विणकर स्वतः म्हणतात की शेठ कापू नका, हातात द्या. विचारा मामांना.

हिशेबनीस:
म्हणतात, खरंय. ईएसआयचे पाऊण टक्का कापतात, चौदा हजारावर 105 रुपये. त्या 105 रुपयांसाठी कोण नको म्हणत नाही शेठ, पीएफच्या बारा टक्क्यांना नको म्हणतात. आणि तुमचे सव्वातीन टक्के कुणाला नको असतात ते पण लिहू का?

मोहोळचा_कांदेवाला:
😀 शेठ आता गप बसा.

हिंजवडीकर_मूळसोलापूर:
हा मुद्दा मला पटला. माझा विरोध फुकट वाटण्याला होता, विम्याला नाही. हप्ता भरलाय तर हक्क आहे. पण मग अशोकचौकी तुझी व्यापारवाली योजना हवीच कशाला?

अशोकचौकी:
अजून हवीच वाटते, कारण 90 दिवसांत अमेरिका ऐकत नाही आणि पन्नाशीचा माणूस 90 दिवसांत दुसरं काही शिकत नाही. शेठचं निम्मा-निम्मा पण मला आवडलंय, पैसे बँकेत थेट गेले पाहिजेत एवढीच अट. पण क्रम चुकला माझा हे कबूल. मी इथं 130 आठवडे 130 आठवडे करत बसलो आणि एक साधी गोष्ट विचारली नव्हती. आत्ता जेवण झाल्यावर मामांकडं जाऊन आलो. ईएसआय कार्ड आहे का म्हणलं. मामी म्हणाल्या आधार आहे, रेशन आहे, ई-श्रम पण काढलंय, ते कसलं कार्ड?

बावीस वर्षं. हजेरी एका वहीत आहे, जॉबरकडं, म्हणजे मुकादमाकडं असते, किती नग विणले ते रोज त्यात मांडतात आणि शनिवारी हिशेब. मामांच्या कामाचा तेवढाच पुरावा. आणि मामा म्हणाले ती वही पेन्सिलीनं लिहितात.

टेरीशेठ:
पेन्सिलीनं लिहितात कारण खराब नग वजा करावे लागतात. त्यात लबाडी नसते प्रत्येक वेळी.

गिरणीवाल्याची_पोर:
असेल. पण अशोकभाऊ, बोनस देताना पाकिटावर काही लिहिलं होतं का? नाव, तारीख, कारखान्याचा शिक्का, कायपण. आमच्या वडिलांचं शेवटी कँटीनच्या कुपनावर भागलं होतं. आणि वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा, जितकी मागची मिळतील तितकी, मालकाचा फोन यायच्या आत. एकदा काम चालू झालं की कोण देतंय वही.

अशोकचौकी:
पाकीट मामींनी ठेवलंय, त्यात आता लाईट बिलं आहेत. शिक्का अर्धाच उमटलाय. जॉबर विडी घरकुलला राहतो, उद्या सकाळी मामांना गाडीवर घेऊन जातो. हिशेबनीस काका, तुम्ही येता का? पानं बघून तुम्हालाच कळेल.

हिशेबनीस:
नऊला अशोक चौकात थांबतो. चष्मा आणतो, पेन्सिल पुसट असते.