आईबाप ऊसतोडीला गेलेत, सहावीतली मुलगी गप्प झालीय. काय करू?

बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे. दिवाळी झाली की निम्मा गाव कोयते घेऊन कारखान्यावर जातो, तो चैत्रापर्यंत. ही मुलगी धाकट्या भावासोबत आजीकडे राहिलीय. वर्गात पहिली बोलणारी, आता हजेरीलाही नुसती मान हलवते. परवा पाहिलं, शाळेतली खिचडी अर्धीच खाते, उरलेली डब्यात भरते. विचारलं तर रडायला लागली.

उत्तर १
सर, आधी पोटाचं बघा. डबा घरी नेते म्हणजे घरी कमी पडतंय. हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाच्या सोयीच्या, यादीत दोघांची नावं आहेत का? नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. वर्गात सगळ्यांसमोर काही विचारू नका.

उत्तर २
मी स्वतः कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढले. आईचा आवाज ऐकला की आठवडा निघायचा. मुकादमाचा, म्हणजे टोळी घेऊन जाणाऱ्याचा, नंबर घ्या. पण रात्रीचा भरवसा नाही, गाडी भरायला केव्हाही उठवतात. दुपारी भाकरीच्या वेळेला लावा आणि शाळेतूनच बोलू द्या, आजीकडे रिचार्ज नसतो.

उत्तर ३
महिनाभरात फरक दिसला नाही तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर तुम्हीच फोन करून विचारा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

प्रश्नकर्ता
यादीत फक्त भावाचं नाव होतं. आज हिचं घातलं. मुकादमाचा फोन लागला. आई म्हणाली, "केस कोण विंचरतं तिचे?" उद्या दुपारी बोलणं ठरलंय.