‘आमच्यानंतर तूच’ हे कोणी ठरवलं?

मधली_बहीण

माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. मतिमंदत्व आणि अधूनमधून फिट्स. आईबाबा सांगलीला, दोघंही सत्तरीच्या पुढे. मी पुण्यात नोकरी करते. गेल्या आठवड्यात बाबांनी सगळ्या ठेवींवर नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं आणि फोनवर म्हणाले, "आता आम्ही मोकळे. त्याचं काय ते तू बघशीलच." मला विचारलं नव्हतं. त्याला तर नाहीच नाही.

माझं म्हणणं असं की, अपंग भावंडाची जबाबदारी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे त्या बहीणभावानं ठरवायचं. पाठीला पाठ लावून जन्मलो म्हणून ती आपोआप अंगावर येत नाही, आणि ‘मला जमणार नाही’ म्हणणारा माणूस नीच ठरत नाही.

भावावर माझा जीव आहे. दिवाळीत त्याच्या कार्यशाळेतल्या पणत्या मी ऑफिसात विकते, आणि ‘या माझ्या भावानं रंगवल्यात’ हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. पण याच घरात मला बघायला मंडळी यायची त्या दिवशी त्याला मावशीकडे धाडायचे. बायोडाटात ‘एक भाऊ’ एवढंच. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा आईनं पेढे आणले नाहीत. म्हणाली, "त्याच्यासमोर नको." आपण शिकलो, कमावतो, हाच कुणावर तरी झालेला अन्याय आहे, ही भावना तेव्हापासून मनात रुतून बसली आहे. अशा मनानं दिलेला होकार टिकत नाही. दोन वर्षांत चिडचिड सुरू होते आणि ती निघते ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर.

कृष्णाकाठ

ताई, मला हे पटलेलं नाही. माझ्या थोरल्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. आई गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. मला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर मला राग आला असता. आजारी आईला बघायचं की नाही, असं कोणी विचारतं का?

ज्याच्या मनात येईल त्यानं जबाबदारी घ्यावी, असं एकदा मान्य केलं की ज्याला कोणीच निवडणार नाही त्यानं कुठे जायचं? माझ्या भावाला बोलता येत नाही, हात थरथरतात. जगात त्याला आपणहून कोण निवडणार होतं? नातं असतंच त्यासाठी. तुम्ही अपराधीपणा म्हणता, त्याला मी जाणीव म्हणतो.

थोरली_सून

कृष्णाकाठ दादा, ‘आमच्याकडे असतो’ म्हणजे नक्की कोणाकडे? त्यांना आंघोळ कोण घालतं? भरवतं कोण?

माझ्या दिरांना समज कमी आहे. लग्नाआधी सांगितलं होतं, "तो आपलं आपण करतो." तो काहीही आपलं आपण करत नाही. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो. चाळिशीच्या पुरुषाचे ओले कपडे बदलणं, रात्री फिट आली की त्याला कुशीवर वळवून धरणं, हे सगळं माझ्याकडे. नणंद राखीपौर्णिमेला येते, त्याच्याबरोबर फोटो काढते, ‘माझा देवमाणूस भाऊ’ असं लिहून टाकते आणि चार वाजताच्या एस्टीनं परत जाते. अभिमान तिला आणि काम मला. या धाग्यावर भाऊ आणि बहीण यांचंच चाललंय. सुनेला कोणत्या रकान्यात धरायचं?

कृष्णाकाठ

आंघोळ मी घालतो, कामावर जाण्याआधी, रोज. दुपारचं भरवणं बायकोकडे आहे, हे खरं. पण आमची बोलणी झाली तेव्हा भाऊ त्याच खोलीत होता. त्याला कुठेही पाठवला नव्हता. तिनं त्याला पाहिलं, त्याचं काय काय करावं लागतं ते विचारलं आणि मग हो म्हणाली. तुमच्या सासरच्यांनी खोटं सांगितलं, ती फसवणूक आहे. तिचं खापर जबाबदारीवर फोडू नका.

पोस्टखात्यातला_बाप

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे बाप आहे. मोठ्या मुलीला डाऊन सिंड्रोम. ती चार वर्षांची असताना सगळ्यांनी सांगितलं की हिला कोणीतरी हवं, दुसरं होऊ द्या. आम्ही होऊ दिलं. मुलगा आता नाशिकला असतो. त्याच्याकडून अपेक्षा ठेवली यात काय गैर?

पर्याय शोधून बघा म्हणजे कळेल. विशेष शाळा अठरापर्यंत, पुढे नशीब असेल तर कार्यशाळा, तीही दिवसाची. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांच्या संघटनेनं उभं केलेलं घरकुल आहे, तसं आपल्या जिल्ह्यात कुठे आहे? मी चौकशी केलेल्या दोन ठिकाणी पहिला प्रश्न होता, ‘शी-शूचं स्वतः करते का?’ मुलगा उद्या ‘माझा निर्णय’ म्हणाला तर आम्ही दोघं मरायचं तरी कसं?

मधली_बहीण

काका, तुमची भीती खरी आहे. माझ्या आईबाबांचीही तीच आहे. पण आपण कशासाठी जन्माला आलो हे मुलाला माहीत आहे का? आणि माहीत असेल तर, ‘नाही’ म्हणायला त्याला कुठे जागा ठेवली आहे? सरकारनं तालुक्याला एक निवासी घर काढलं नाही, त्याची भरपाई एका मुलाच्या आयुष्यातून करायची, हे मला मान्य नाही.

तीनचाकी

इतक्या प्रतिक्रिया वाचल्या. ज्यांच्याबद्दल चाललंय, त्यांच्यातला मी एक. पोलिओ, दोन्ही पाय.

अपराधीपणा फक्त धडधाकट भावंडांना असतो असं कोणी सांगितलं? मला शाळेत पोचवायचं म्हणून ताईनं जवळच्या कॉलेजात मिळेल ती शाखा घेतली. घरात तिचं कौतुक व्हायचं, ‘भावासाठी किती करते!’ आणि मी तिथेच बसलेला असायचो. आज मी नोकरी करतो, आईची औषधं आणि दवाखाना माझ्याकडे आहे. तरी नातेवाईक ताईलाच विचारतात, "त्याचं कसं काय चाललंय?"

सगळ्यांचं अपंगत्व सारखं नसतं, हे मला कळतं. पण ‘कोण सांभाळणार’ यावर एवढं बोलणं झालं आणि ‘त्याला कुठे राहायचंय’ हे एकानंही विचारलेलं नाही. मधली ताई, निदान तुम्ही विचारा. पणती कोणत्या रंगाची करायची हे ज्याला ठरवता येतं, त्याला हेही थोडंफार सांगता येईल.

वकिली_पेशा

वाद चालू द्या, पण काही गोष्टी आईवडील हयात असतानाच कराव्या लागतात, म्हणून लिहितो.

मूल अठराचं झालं की आईवडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी पालक नेमता येतो. अर्ज स्थानीय स्तर समितीकडे करायचा. तिथे जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. आईवडील अर्ज करू शकतात, तसेच नातेवाईकही. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशोब. हयगय केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढता येतं.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व वेगळं. ते ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं असतं, आणि त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. तीनचाकी म्हणतात ते कायद्यानं मान्य केलेलं आहे.

मधली ताई, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ठेवींत भावाचा वारसाहक्क राहतोच. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अपंगत्वामुळे वारसा जात नाही. काही घरांत अशा भावाचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करतात. तो कागद कोर्टात टिकणं अवघड, आणि माणूस म्हणूनही ते वाईट. पोस्टखात्यातल्या काकांनी आणखी एक बघावं. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलीला कुटुंबनिवृत्तीवेतन आयुष्यभर मिळू शकतं. तिचं नाव पेन्शनच्या कागदांत आत्ताच घालून घ्या.

पोस्टखात्यातला_बाप

हे माहीत नव्हतं. सोमवारीच जातो. मुलालाही या वेळी बोलावून घेतो आणि समोरासमोर विचारतो. तो काय म्हणेल, सांगता येत नाही.

मधली_बहीण

वकीलसाहेब, आभार. तीनचाकी, काल भावाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "कार्यशाळा. पुणे नाही." तेच तीनदा.

म्हणून माझी बाजू अशी ठरतेय. कायदेशीर पालकत्व मी घेईन, पैशाचा हिशोब ठेवीन, महिन्यातून एकदा जाईन. पण तो सांगलीतच राहील. पगारी माणूस ठेवू, नाहीतर तिथल्या चार पालकांनी मिळून एक घर करावं. माझ्या फ्लॅटमध्ये मी त्याला आणणार नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही.

थोरली_सून

पाठिंबा. त्या पगारी माणसाचा पगार मात्र नीट द्या. आणि सुट्टीही.

कृष्णाकाठ

माझा विरोध कायम आहे. सही तुमची, हिशोब तुमचा, भेट महिन्याची. सांगलीत रात्री दोनला फिट आली तर त्याच्याशेजारी कोण असेल, त्याचं नाव आधी लिहा, मग समितीकडे अर्ज करा.