पहिलाच सीझन, दिवाळीनंतर मीट (मैदानी स्पर्धा) अन् त्याच दिवसांत नाटकं : पोरांना कसं सांभाळू?

झाडीतला_कोच (ब्रह्मपुरी तालुका)

नमस्कार मंडळी. यंदा जुलैपासून आमच्याकडच्या एका खेड्यातल्या कॉलेजात अ‍ॅथलेटिक्सचं कोचिंग करून राहिलो. मी स्वतः ८०० मीटर पळायचो, पण दुसऱ्याला पळवायचं काम पहिल्यांदाच आलं. पोळा झाला, मारबत गेली, आता कुठे प्रॅक्टिस सुरू झाली म्हणायचं, कारण जुलै अन् अर्धा ऑगस्ट धानाच्या रोवण्यातच गेला. रजिस्टरवर २२ नावं आहेत, ग्राउंडवर रोज १३-१४ येतात, त्यात ६ पोरी.

ग्राउंड म्हणजे काळी माती. एक सर आली की चार दिवस बुटाखाली पावपाव किलोचे गोळे. म्हणून आतापर्यंत मामा तलावाच्या (जुना मालगुजारी तलाव) पाळीवर, म्हणजे बांधावर पळवलं, पाळ नरम आहे अन् खालून धानाच्या बांध्यांतले लोक पाहून राहतात म्हणून पोरं चालतही नाहीत. पहाटेची प्रॅक्टिस बंद केली, आमच्या भागात वाघाचं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे, उजेड नीट फाकल्याशिवाय कोणाला रस्त्यावर बोलवत नाही. बहुतेक संध्याकाळी साडेचार ते सहा.

पोरं सगळी पोलिस भरतीवाली. पोरांचे १६००, पोरींचे ८००, मग १०० मीटर अन् गोळा, मिळून ५० मार्क, पळणं म्हणजे त्यांच्यासाठी एवढंच. त्यात मला वाईट वाटत नाही, घरात एक वर्दी आली तर अख्ख्या घराचं चित्र बदलते. पण त्याच पोरांना १५०० अन् ८०० साठी उभं केलं की पहिला लॅप असे सुटतात जसं कोणी मागे लागलं, अन् दुसऱ्या लॅपला हात छातीशी येऊन मान वाकडी. हे कसं सोडवायचं ते सांगा.

अजून एक. ऑगस्टमधली गोष्ट, एक पोरगी दिवसभर रोवण्याला जाऊन यायची, नखांत चिखल तसाच. वार्मअपला वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं तर ती वाकली पटकन, पण सरळ व्हायला तिला कमरेवर दोन्ही हात ठेवून हळूहळू उठावं लागलं. मी तिला ४०० चे रिपीट देणार होतो. नाही दिले, पाळीवर दोन चकरा चालून ये म्हटलं. बरोबर केलं का चूक, अजून डोक्यात आहे.

आता खरा प्रश्न. आमची मीट दिवाळीनंतर. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, अन् मंडईच्या रात्री नाटक. झाडीपट्टीबाहेरच्या (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाबाहेरच्या) लोकांसाठी सांगतो, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडते अन् उजाडायच्या बेताला संपते, गडचिरोलीतल्या वडसा इथून नाटक कंपन्या निघतात अन् होळीपर्यंत हा सीझन चालते. म्हणजे आमची मीट ऐन मंडईत. काही जण म्हणतात पोरांना सरळ बंदी घाल, जो नाटकात दिसला तो टीममधून बाहेर. पण मी स्वतः नाटकाचा वेडा माणूस आहे जी. लहानपणी बापाच्या बंडीत तणसावर वाकळ टाकून गेलो, नाट्यगीत सुरू झालं की झोपेतून उठून बसायचो. आजही ग्राउंडवरून घरी आलो की पेटी काढतो, तासभर वाजवल्याशिवाय जेवण जात नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा घरच्या माणसाला मिळाल्यासारखं वाटलं होतं. जी गोष्ट मी सोडू शकत नाही ती अठरा वर्षांच्या पोरांना सोड कशी म्हणू? अन् नाही म्हटलं तर मीटला पेंगत उभे राहतील. कोणाचा अनुभव असेल तर सांगा.

---

फौजी_५००० (वरूड, अमरावती)

सर, पहिले पळण्याचं सांगतो, मंग नाटकाचं.

पोट्टे पहिल्या लॅपले सुटतात कारण त्यायले कोणी टाईम सांगतच नाही, खाली 'पळ पळ' म्हणतात. तुम्ही दर २०० ले टाईम ओरडून सांगा. केनियाच्या रुडिशानं २०१२ ले लंडन ऑलिंपिकमंदी ८०० मीटरले १:४०.९१ मारले, वर्ल्ड रेकॉर्ड, त्याचा पहिला लॅप ४९.२८ अन् दुसरा ५१.६३. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा गडी बी पहिल्या लॅपमंदी दुसऱ्यापेक्षा सव्वादोन-अडीच सेकंदच फास्ट होता. आपलं पोट्टं दहा-बारा सेकंद फास्ट जाते मंग मरते. हे त्यायले मोबाईलवर दाखवा, आकडे फळ्यावर लिहा, समजते त्यायले.

१६०० वाल्याले १५०० मंदी अजून एक गडबड होते, चार लॅपची सवय असते अन् १५०० म्हणजे पावणेचार लॅप, सुरुवात दुसरीकडून होते म्हणून शेवटचा जोर कुठी लावायचा ते डोक्यात बसत नाही. मीटच्या आधी एकदा तरी खऱ्या ४०० च्या ट्रॅकवर नेऊन आणा, खर्च झाला तरी चालते.

आता ग्राउंड सुकलं की डांबरावर नेऊ नका एकदम. नडग्या धरतात. पाळीवरून डांबरावर अन् संगच किलोमीटर बी वाढवले की आठ दिवसांत अर्धे पोट्टे लंगडतात, हे मी भरतीच्या पोट्ट्यायमंदी दरवर्षी पाहतो. आधी दीड-दोन महिने बोलत बोलत पळता येईल एवढ्याच स्पीडनं, आठवड्यातून एक दिवस जोर.

रोवण्यावाल्या पोरीले चालायला लावलं ते शंभर टक्के बरोबर. तिची प्रॅक्टिस सकाळीच होऊन गेली होती सर. अविनाश साबळे बी बीडकडच्या शेतकऱ्याच्या घरचाच, फौजेत गेल्यावर पळायले लागला, अन् २०२४ ले पॅरिसच्या डायमंड लीगमंदी ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८:०९.९१. शेतातल्या पोट्ट्यात दम असतेच, आपण फक्त तो आधीच खर्चून टाकू नये.

नाटकाचं : मी कडक माणूस आहे. मीटच्या आधीच्या चार रात्री नाही म्हणजे नाही.

---

पाटावरचा (लाखनी, भंडारा)

सर मी पळणाऱ्यातला नाही, शंकरपटातला (बैलजोड्यांच्या शर्यतीतला) माणूस आहे, पण तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या घरी जोडी आहे. २०१४ ला कोर्टानं पट बंद केले तेव्हा जोडी विकायची वेळ आली होती, बाबानं विकू दिली नाही, सात वर्षं नुसती शेतात वापरली. डिसेंबर २०२१ ला परवानगी आली अन् आम्ही दुसऱ्या दिवशी पळवायला काढली का? नाही. दोन महिने नुसती चालवली, नांगरटीच्या मऊ वावरातून, मग थोडी थोडी धाव. धुरकरी (जोडी हाकणारे) लोक सांगतात की पटाच्या आदल्या आठवड्यात बैलाला जोरात पळवायचं नाही, त्याला पळावंसं वाटलं पाहिजे. खुट्याला बांधलेला बैल पाय आपटून राहिला म्हणजे तो तयार आहे. तुमच्या पोरांचंही तसंच असेल असं मला वाटते.

अन् नाटक बंद करू नका हो. आमच्याकडे दिवसा पट रात्री नाटक, तेच तर वर्षभराचं सुख. पोरगं घरी झोपवलं तरी भोंग्याचा आवाज खाटेवर येते, गावातच तर मंडप आहे, झोपते कुठचं.

---

सालेकसाची_ताई (गोंदिया)

सर, मी पण खेळाची शिक्षिका आहे, १४ वर्षं झाली. सगळे नाटकाचंच बोलून राहिले म्हणून एक वेगळं सांगते.

तुमच्या सहा पोरींना मंडईच्या दुसऱ्या दिवशी विचारून पहा, रात्री काय केलं. पोरं सांगतील नाटक पाहिलं. पोरी सांगतील पाहुणे होते. मंडई म्हणजे लेकी-जावई, मामा, आत्या, त्यांची पोरं, एकेका घरी वीस-पंचवीस माणूस. सकाळी चारला चूल पेटते, दिवसभर चहा, वडे, भात, मटण, भांडे, मग सगळे नाटकाला गेले की कोणीतरी म्हाताऱ्याजवळ अन् लहान लेकरांजवळ थांबायचं, ते कोण, ती पोरगी. मी सुरुवातीला नाटकाला जायचं नाही म्हणून दम द्यायची. एका पोरीनं खाली मान घालून सांगितलं, मॅडम मी तीन वर्षांत एकही नाटक पूर्ण नाही पाहिलं. ती त्या मीटला २०० मध्ये हीटमध्येच (पहिल्या फेरीतच) बाद झाली अन् मी तिला नाटकावरून बोलले होते. आजही मला त्याचं वाईट वाटते.

तेव्हापासून मी दिवाळीच्या आधी घरोघरी जाते. सगळ्या पोरींच्या आईला भेटते, कोणत्या गावची मंडई कधी, कोणाच्या घरी पाहुणे कधी, ते वहीत लिहिते. आईला सांगते की मीटच्या आदल्या दोन रात्री हिला चुलीपासून सुटी द्या, तेवढे दोन दिवस काकू किंवा भाऊ भांडे घासेल. बहुतेक आया ऐकतात. बापापेक्षा आईशी बोला, काम तिथेच होते.

नाटकाचं म्हणाल तर जी रात्र जागली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टार्ट, हर्डल, उड्या काही घेऊ नका. दुपारी झोपू द्या, संध्याकाळी नुसतं चालणं अन् स्ट्रेचिंग. मीटच्या आदल्या रात्री तर टेन्शननं कोणालाच झोप येत नाही, त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री चांगल्या गेल्या पाहिजेत, तिथे फौजी भाऊंचं मला पटते. बाकी मंडई त्यांना घेऊ द्या.

---

फौजी_५०००

ताई हे माह्या ध्यानातच नोहतं. मी पोट्ट्यायचाच विचार करून राहिलो होतो. चार रात्रीचं मी म्हटलं ते कायम आहे, पण त्यात चुलीची रात्र बी धरा सर.

---

झाडीतला_कोच

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं वाचून काल प्रॅक्टिसनंतर सहाही पोरींना पाळीवर बसवून विचारलं. पहिले कोणी बोलेना. मग एकीनं सांगितलं, पाठोपाठ सगळ्या बोलल्या. सहापैकी चौघींच्या घरी मंडईचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडेच असतो. रोवण्यावाली पोरगी म्हणाली, सर मला नाटकातली गाणी पाठ आहेत पण सगळी घरातून ऐकलेली, भोंग्यावरून. तिनं एक गुणगुणूनही दाखवलं, सुरात होती. मी इतक्या वर्षांपासून पहिल्या रांगेत बसून राहिलो अन् मंडपाबाहेर कोण ऐकून राहिलं ते कधी पाहिलंच नव्हतं.

आता असं ठरवलं. येत्या रविवारपासून रोज दोन घरं. मीटच्या आधीच्या चार रात्री कोणीच नाही, मी पण नाही, पेटीसुद्धा नऊला बंद. मीट झाली की त्या शनिवारी शेजारच्या गावच्या नाटकाला सगळी टीम घेऊन जाणार, पोरी पण, ट्रॅक्टर सांगितला आहे, दोन पोरींच्या आया सोबत येतो म्हणाल्या. रात्री मध्येच कोणी एकटं निघणार नाही, उजाडल्यावरच परत, जंगलाचा रस्ता आहे. त्या पोरीला मंडपात समोर बसवायचं आहे मला.

ग्राउंड सुकत आलं. या आठवड्यात चुन्याची फक्की मारून २०० चा ट्रॅक टाकून राहिलो, दोन सरळ बाजू ६०-६० मीटर अन् वळणं ४०-४० ची. वळण आखायला मधल्या खुंटीपासून दोरी १२.७३ मीटरची धरायची का कमी?

---

सालेकसाची_ताई

१२.७३ ही पळण्याची रेष झाली सर, फक्कीची नाही. कडेला उंच बॉर्डर नसली की माप रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरतात, म्हणून दोरी १२.५३ ची घ्या. लेन १.२२ ची ठेवली तर एका चकरीला दर लेनमागे ७.६७ मीटर पुढे उभं करायचं. सुतळी घेऊ नका, ओढली की ताणते अन् माप चुकते. तार घ्या.