मदत हवी आहे: तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झाल्यापासून १९८३ पर्यंत तपासणी कोण करायचं?

नमस्कार मंडळी, नाशिकला सातपूरमध्ये नोकरी सांभाळून एलएलबी करतोय, प्रोजेक्टला अणुऊर्जेवरच्या सरकारी नियंत्रणाचा इतिहास घेतलाय. मामाचं गाव लासलगावजवळ, तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण देतात ते भाभा अणुसंशोधनवाल्यांचं केंद्र आहे. लहानपणी मामाला विचारलं होतं, हे चेक कोण करतं? म्हणाला, सरकार. आता वाचतोय तर सरकारातलं नक्की कोण हाच सगळा घोळ आहे.

अमेरिकेचं समजलं. १९४६ च्या कायद्याने अणुऊर्जा कमिशन आलं, १९५४ नंतर खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि अणुवीज वाढवा म्हणणारं तेच, लायसन देणारंही तेच. म्हणजे बाजार समितीत व्यापाऱ्यानेच वजनकाटा पास करायचा! १९७४ ला कायद्याने ते फोडलं, जानेवारी १९७५ पासून नियमन वेगळं. (मी लिहिलं होतं तिथल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातामुळे फोडलं, सरांनी लाल पेनाने गोल करून बाजूला नुसतं '१९७९?' लिहिलं, अपघात १९७९ चा ना, लाज गेली.)

आपल्याकडे १९५४ ला अणुऊर्जा खातं, १९६२ चा कायदा, १९६९ ला तारापूर सुरू, आणि सुरक्षेवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ थेट १५ नोव्हेंबर १९८३ ला. तेही संसदेच्या वेगळ्या कायद्याने नाही, १९६२ च्या कायद्याखाली आदेश काढून. वर मंडळ रिपोर्ट करणार अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष म्हणजे खात्याचाच सचिव. मग मधली १४ वर्षं काय? कुणी सांगेल का प्लीज, शनिवारी सबमिशन आहे.

प्रतिसाद १: खात्याचीच सेफ्टी रिव्ह्यू कमिटी होती, १९७५ पासून. म्हणजे तुमचा वजनकाटा इथेही चालतो. पण १९८३ वर थांबू नका, २०१२ चा कॅगचा (सरकारी हिशेब तपासणारे) रिपोर्ट काढा, मंडळाला स्वतंत्र कायद्याचा आधार नाही यावर त्यात चांगलंच झापलंय. त्याआधी २०११ ला वेगळ्या प्राधिकरणाचं बिल आणलं होतं, ते लोकसभा विसर्जित झाली तिच्याबरोबर बुडालं.

प्रतिसाद २: आणि डिसेंबर २०२५ चा शांती कायदा (अणुऊर्जेवरचा नवा कायदा) विसरलात तर व्हायव्हात सर पहिला तोच विचारणार. मंडळाला कायद्याचा दर्जा त्यात दिलाय.

धागाकर्ता: बाप रे, हे राहिलंच होतं. १९७५ च्या आधीचं कुणाकडे असेल तर अजून टाका, मी रात्री बारापर्यंत जागाच आहे.