मदत हवी आहे: वरच्या मजल्यावर सिंकखाली पाण्याचा फिल्टर बसवायचा आहे, धार बारीक येते आणि जोड गळतो

नमस्कार,

दादरमधील एका जुन्या चार मजली इमारतीत आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो. शेगडी आणि मिक्सर ठेवल्यानंतर ओट्यावर हातभरही जागा उरत नसल्यामुळे पाण्याचा फिल्टर सिंकखालच्या कपाटात बसवायचे ठरवले, तो बसवलाही, आणि तिसऱ्या दिवशी काढून ठेवावा लागला. दुसऱ्यांदा खर्चात पडण्यापूर्वी ज्यांनी हे काम केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

आधी पाण्याविषयी सांगतो. पालिकेचे पाणी ठरावीक वेळेला तळटाकीत येते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि तेथून घरोघरी उतरते. थेट नळाला आमच्या मजल्यावर धार येणे कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाले. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणून मी महिनाभर नोंदी ठेवल्या. एरवी आकडा ६० ते ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. सोसायटीने टँकर मागवला त्या दिवशी मात्र तो ४१० होता. म्हणजे क्षार कमी, पण गाळ भरपूर. आई अजूनही नळाला पांढरे फडके बांधते, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ते सोडले की मधोमध तपकिरी, किंचित बुळबुळीत वर्तुळ उमटलेले दिसते. उभे पाइप जुने लोखंडी असल्यामुळे त्यात गंजाचे कणही असतात.

घरी आलेल्या विक्रेत्याने आरओचाच, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी ढकलून क्षारही काढून टाकणाऱ्या यंत्राचाच, आग्रह धरला. त्याने एका पेल्यात आमच्या नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे पाणी घेतले, दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या आणि दोन मिनिटांत नळाचे पाणी हिरवट-तपकिरी करून दाखवले. आरओचे पाणी होते तसेच राहिले. ते पाहून आई नुकताच लावलेला कुकर उतरवायला निघाली होती. आपण रोज खरोखर इतकी घाण पितो का?

माझे मन आरओकडे वळले नाही, म्हणून गाळासाठी ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज, मग कार्बन ब्लॉक (दाबून घट्ट केलेला कोळसा) आणि शेवटी यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा), असा विजेशिवाय चालणारा संच घेतला. आमचा सिंकचा नळ भिंतीतून येतो, ओट्याखाली अँगल कॉक (नळी जोडण्यासाठीची भिंतीतली छोटी तोटी) नाही. प्लंबरने भिंतीतील जोड आणि नळ यांच्या मध्ये पितळी टू-वे (पाण्याला दुसरा फाटा देणारा जोड) बसवला, तेथून पाव इंची नळी ओट्याच्या भोकातून खाली नेली आणि दुसऱ्या भोकात पिण्याच्या पाण्याचा छोटा नळ बसवला. एवढे होईपर्यंत सगळे ठीक होते. मात्र एक लिटरची बाटली भरायला साडेतीन मिनिटे लागू लागली, आणि दुसऱ्या रात्री एका जोडातून थेंब थेंब गळून कपाटाच्या तळाचे प्लायवूड फुगले. नळी कात्रीने कापलेली होती, आणि कार्ट्रिजच्या झाकणातील प्लास्टिकचा जोड प्लंबरने पान्याने चांगला आवळला होता, हे मी स्वतः पाहिले.

तर संच बदलावा की जोडणी? आणि या मजल्यावर पंपाशिवाय निभाव लागेल का?

प्रतिसाद

त्या सळ्यांपासून सुरुवात करतो, कारण आमच्याही घरी तो प्रयोग झाला आहे. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते आणि सळीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. पेल्यात दिसतो तो त्या सळीचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि काही घडतही नाही. पुन्हा कोणी आले तर त्यांच्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तो प्रयोग करायला सांगा.

आरओ घेतला नाहीत हे योग्यच केले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि तुमचे टँकरचे पाणीही तिच्या आत आहे. ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तेथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना तीनएक लिटर सांडपाण्यात सोडतो. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी शंभर किलोमीटरवरून आणून ते मोरीत सोडणे मला तरी पटत नाही.

आता दाब. टाकीतील पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर सुमारे १ बार दाब मिळतो. तुमच्या डोक्यावर एक स्लॅब आणि टाकीचा कट्टा, म्हणजे फार तर चार मीटर, ०.४ बारच्या पुढे दाब नाही. त्यातला मोठा वाटा कार्बन ब्लॉक आणि पाव इंची नळी खाऊन टाकतात. यूएफ पडदा कमी दाबावर चालतो, त्यामुळे संच बदलू नका. कार्बन ब्लॉकऐवजी दाणेदार कार्बनचे कार्ट्रिज घाला आणि टू-वेपासून शेवटच्या नळापर्यंत तीन अष्टमांश इंची नळी वापरा. नळी जितकी बारीक तितका अडथळा झपाट्याने वाढतो. पंप लावता येतो, पण सिंकखालच्या ओलाव्यात विजेचा बोर्ड नेणे टाळता आले तर टाळावे.

गळतीचे कारण तुम्हीच लिहिले आहे. कात्रीने नळी चेपते आणि तिरकी कापली जाते, मग ती जोडातील रबरी रिंगवर नीट बसत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, आत थांबेपर्यंत दाबा आणि ओढून पाहा. तेथे टेफ्लॉन टेप लावायची नसते. ती पितळी आट्यांवर, आटे बसवण्याच्या दिशेने गुंडाळायची. प्लास्टिकचे आटे हातानेच आवळावेत, पान्याने आवळले की झाकणाला केसाएवढी चीर जाते आणि ती रात्री, पाण्याचा वापर थांबून दाब वाढला की गळू लागते. ते झाकण बदलाच. शिवाय टू-वेच्या लगेच पुढे एक छोटा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे गणपतीला गावी जाताना तेवढाच बंद करता येईल.

आणखी एक प्रतिसाद

यूएफची छिद्रे साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात. जिवाणू अडतात, पण काविळीचा ‘अ’ विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा असल्यामुळे त्याची खात्री देता येत नाही. पावसाळ्यात गाळलेले पाणीही उकळूनच प्यावे. कार्बन क्लोरीन काढून घेतो, म्हणून फिल्टरचे पाणी माठात दोन दोन दिवस ठेवू नये. आणि सोसायटीच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, हे आधी विचारा.

धागाकर्त्याची भर, पाच आठवड्यांनंतर

दोघांचेही आभार. झाकणाला खरोखरच चीर होती. बोटाला लागत नव्हती, टॉर्च तिरका धरल्यावर दिसली. झाकण, नळी आणि कार्बन बदलले, नव्या कार्बनचे पहिले बादलीभर काळपट पाणी झाडांनाही न घालता मोरीत सोडले. आता एक लिटर दीड मिनिटात भरते, आणि खाली अंथरलेले वर्तमानपत्र अजून कोरडे आहे. टू-वेमुळे सिंकचा नळ दोन इंच पुढे आला आहे आणि धार सिंकच्या काठाजवळ पडते, याबद्दल भांडी घासणाऱ्या मावशींनी मला दोनदा सुनावले आहे.

गच्चीवरची टाकी अडीच वर्षांपूर्वी धुतली होती, असे सचिवांकडून कळले. येत्या रविवारी ती रिकामी करणार आहेत. त्या दिवशी मी फिल्टरचा व्हॉल्व्ह बंद ठेवणार आहे, आणि नळाला दोन दिवस पुन्हा आईचे फडके.